मोठेबाबांची दोन ते तीनची झोप

मोठेबाबा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. दार मीच उघडलं होतं…

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वर्ध्याजवळचं त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, त्यांनी आयुष्यभर जवळजवळ उभ्यानेच चालवला. एखादा कामगार जरा टेकला की ओरडत, "बसला काऊन बे? मशीन बसली का?" कॉलेज संपल्यावर त्यांनी मला ऑफिसात घेतलं, ते मी कमी बोलते म्हणून. "इंग्लिश मीडियमची हाय, पण चुगली नाई करत," असं माझ्यादेखत लोकांना सांगत.

मागच्या हंगामात ते वजनकाट्यापाशी चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी रोज दुपारी तासभर झोपायला बजावलं. मोठीआईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ऑफिसमागच्या खोलीत दिवाण टाकला आणि दाराबाहेर मला बसवलं. दोन ते तीन कुणालाही आत सोडायचं नाही. पहिल्याच दिवशी मोठेबाबांनी मला आत बोलावलं. "मोठीआईले सांगजो, घोरून राह्यले म्हणून." मग आडवे पडून ते फोनवर हळू आवाजात सौदे करू लागले. फाइल हवी असली की आतूनच मला फोन. मी फाइल नेऊन देई आणि संध्याकाळी मोठीआईला सांगे, "छान झोपले होते." असं वर्षभर चाललं.

त्या दुपारीही फोन आला. सकाळपासून त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. मला वाटलं, एक दिवस फाइल मिळाली नाही तर झोपतील तरी. मी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग आत शांत झालं. मुकादम आले, त्यांना मी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. मला फार बरं वाटत होतं… तीनला दार उघडलं, तेव्हा ते दिवाणावर होते. चष्मा डोळ्यांवर, फोन छातीवर.

महिना झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मोठीआई सांगते, "झोपेतच गेले जी. पोरगी दाराशी होती, कोनाले आत जाऊ देलं नाई तिनं." मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजते.

परवा तिने विचारलं, "पोरी, शेवटी कोनाशी बोलले ते?"

मी म्हटलं, "कोणाशीच नाही."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रविवारची पुरवणी ती माझ्याकडूनच वाचून घेते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ही गोष्ट तिच्यात छापून आली, की तीसुद्धा मलाच वाचून दाखवावी लागेल.