मास्तरांनी माया कापली

डॉक्टर म्हणाले, "रोग गेला." गोष्ट खरी होती, तपासणीतही तसंच आलं होतं, आणि अर्ध्या तासात ती सगळ्या गल्लीला कळली. शेजारचा घड्याळवाला दुकान उघडं टाकून धावत आला, मास्तरांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "सुटलात एकदाचे! आता काय, आठ दिवसांत मशीनवर बसाल." या गोष्टीला तीन महिने झाले. रोग गेला होता, रोगी तेवढा मागे राहिला होता, आणि त्याची विचारपूस करायचं हळूहळू सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

मास्तर म्हणजे शिंपी. पस्तीस वर्षं पुरुषांचे कोट आणि पँटी शिवत आलेला माणूस. खाली दुकान, वर घर आणि मधे चौदा पायऱ्यांचा जिना. काजं-बटणं आणि हातशिलाई बायको करायची. तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची, आणि चारच वर्षं शाळेचं तोंड पाहिलेली ती बाई ते नाव मोठ्या ऐटीत मिरवायची. मास्तरांची जीभ कात्रीपेक्षा धारदार. ढेरपोट्या गिऱ्हाइकाने पोट आत ओढून धरलं की ते टेप तसाच धरून उभे राहायचे. "सोडा श्वास, सावकाश. पँट घालून तुम्हाला जेवायचंही असेल." मग मापं ओरडून सांगायचे आणि मास्तरीण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती वहीत लिहायची.

तो आवाज आता गेला होता. उरला होता नुसता खरखराट, गोणपाटावर बोथट कात्री चालवल्यासारखा, आणि तोही दिवसाकाठी दहा-बारा वाक्यांपुरता. तोंडचं पाणी पळालं असं आपण उठसूट म्हणतो; मास्तरांच्या तोंडचं खरोखरच पळालं होतं. घशातली गाठ जाळता जाळता किरणांनी लाळही आटवून टाकली होती. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक जिभेवर फिरवायची त्यांची जन्माची सवय. घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी तसं केलं, तर दोरा कोरडाच बाहेर आला, टोकाला फुटलेला. तीनदा करून पाहिलं. मास्तरणीने पाण्याची वाटी आणून शेजारी ठेवली. मास्तरांनी सुई पिनांच्या उशीत खोचली ती खोचलीच.

थकव्याचं तर विचारू नका. माणूस काम करून दमतो, झोपतो, उठतो, ताजा होतो, ही साधी रीत. मास्तर झोपून दमायचे. सकाळी दात घासले की पुन्हा आडवं व्हायचं. चौदा पायऱ्या चढायला दोन विसावे लागत, आणि दुसऱ्या विसाव्याला भिंतीला डोकं टेकून ते मनात म्हणत, याला जगणं म्हणायचं असेल तर ते गाठीबरोबरच का नाही नेलं?

आणि खाणं. पोटात कावळे ओरडतात म्हणे. मास्तरांचे कावळे केव्हाच उडून गेले होते. जिभेला सगळ्याची एकच चव लागे, कापडाला लावतात त्या खळीची. गिळताना घशात खिळे अडकत. मास्तरीण भाज्या उकडायची, वाटायची, दोनदा गाळायची, त्यात लोणी आणि हॉस्पिटलने दिलेली पावडर घालायची आणि पेला ठेवून खाली जायची, कारण ती बघत बसली की त्यांना घोट उतरत नसे. तिची पावलं शेवटच्या पायरीवर पोचली की मास्तर दोन घोट घ्यायचे आणि उरलेलं मोरीत ओतून वरून पाणी सोडायचे. रिकामा पेला पाहून ती म्हणायची, "संपवलंत? शाबास!" त्या शाबासकीने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरी.

या सगळ्यावर टांगती तलवार होती पन्नास किलोची. दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात वजन व्हायचं. तिथली नर्स खमकी होती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मास्तर, पन्नासच्या खाली गेलात की नाकातून अन्नाची नळी. मग माझ्याशी भांडायचं नाही." उपचार चालू असताना सहा आठवडे ती नळी त्यांच्या नाकात होती. एकदा उलटीबरोबर अर्धी बाहेर आली, आणि ती पुन्हा घालताना या सज्जन माणसाने दोन जणांना लाथा मारल्या होत्या. ती काढली त्या दिवशी त्यांनी बायकोला बजावलं, "परत ही नाकात गेली तर समज, मी संपलो." मागच्या खेपेला काटा एक्कावन्नावर थांबला होता.

घरी मास्तरांना काट्याची गरज नव्हती, गळ्यात टेप होता. कंबर छत्तीसची बत्तीस झाली, तीस झाली, अठ्ठावीसवर आली. पँट घसरायला लागली की बायकोच्या लक्षात येणार. म्हणून ती बाजारात गेली की ते स्वतःच्याच पँटी आत घ्यायचे. दहा मिनिटं मशीन, मग अर्धा तास कापड बेतायच्या टेबलावर आडवं. पँट कमरेवर नीट बसलेली बघून मास्तरीण मनाशी म्हणायची, माणूस तग धरून आहे.

इथे एक सांगायला हवं. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. पँटीच्या मागच्या शिवणीत मास्तर हात सैल सोडून माया ठेवायचे. "माणूस फुगतो, सुकतो, परत फुगतो," ते गिऱ्हाइकांना सांगत, "माया असली की पँट जन्मभर पुरते." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मास्तरणीने एका गिऱ्हाइकाच्या पँटीची माया, आतून सुबक दिसावं म्हणून, कापून टाकली होती. तेव्हा मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आता आठ इंच आत घेतल्यावर ते सगळं कापड मागे गोळा होऊन बसताना हाडांना रुतायला लागलं. एका दुपारी त्यांनी कात्री उचलली आणि आपल्या तिन्ही पँटींची माया कापून टाकली. रुतते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. ती शिवण पुन्हा कधी उसवावी लागेल यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

वजनाचा दिवस जवळ आला. टेप सांगत होता की पन्नास केव्हाच मागे पडलं. मास्तर सैरभैर झाले. डोळे मिटले की नाकात ती नळी सरकताना जाणवे. तेव्हा त्यांना जे सुचलं ते एखाद्या शिंप्यालाच सुचावं. पडदे सरळ पडावेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात. कधीकाळच्या एका मोठ्या कामातल्या तशा चकत्या डबाभर उरल्या होत्या.

चार दिवस, बायकोची पाठ वळली की दहा दहा मिनिटं, मास्तर कोटाशी झटत होते. अस्तर उसवलं. घेरात, बाह्यांच्या दुमडीत, छातीच्या कॅनव्हासमागे एकेका चकतीला वेगळा कप्पा करून ती पक्की केली. पाण्याच्या वाटीत बोट बुडवून दोरा ओवला. एका अंगाला ओढ बसली तर कोट चहाडी करणार, म्हणून डावं-उजवं हातात तोलून पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे हात मन लावून चालले होते. कोट घालून आरशासमोर उभे राहिले तर कुठे एक सुरकुती नाही. लबाडी खरी, पण शिलाई एक नंबर.

"थंडी वाजते," त्यांनी नर्सला सांगितलं. उपचारांपासून त्यांना सारखी थंडी वाजायची हे तिला माहीत होतं. "राहू द्या कोट," ती म्हणाली आणि काट्याकडे बघून ओरडलीच, "बावन्न! मास्तर, एक किलो वाढलात की!" डॉक्टर बाहेर आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, नळीचा विषय संपला, आता दोन महिन्यांनी या. मास्तरीण भिंतीला टेकून रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती कोणासमोर रडली नव्हती.

जिंकल्यावर हायसं वाटेल असा मास्तरांचा हिशेब होता. पण दोन महिने आपल्याला कोणी तोलणार नाही हे ऐकलं आणि अंगावरचा कोट एकदम जड झाला. दोन महिने तो पेला आणि ती मोरी. शेवट काय होणार ते सांगायला टेपही नको होता. आत्ताच खरं बोलून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण मास्तरीण डोळे पुसत हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर पडले होते. खालून मास्तरणीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. नंतर जिन्यावर पावलं वाजली आणि ती दारात उभी राहिली, हातात तिन्ही पँटी, शिवणी उसवलेल्या.

"वाढीला लागलात, म्हणून सैल करायला घेतल्या," ती म्हणाली. "एक उसवली तर आत काही नाही. दुसरी उसवली. तिसरी. अहो, ही माया कोणी कापली?"

मास्तर उठून बसले. "रुतत होती."

"रुतत होती." तिने पँटी पलंगावर ठेवल्या. "एका परक्या माणसाच्या पँटीसाठी दोन दिवस बोलला नव्हतात तुम्ही माझ्याशी. आणि स्वतःची कापून टाकलीत? म्हणजे परत भरायचंच नाही असं ठरवून बसलात. आणि मी वेडी खाली भाज्या गाळतेय!"

मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मग बावन्न कसं?"

मास्तरांनी मान खाली घातली. तीही शिंप्याचीच बायको. ती खुंटीपाशी गेली, एका हाताने कोट काढला, आणि हात कोटासकट खाली आला. घेर चिमटीत धरून तिने एक चकती चाचपली, मग पुढची, मग त्याच्या पुढची.

"मला मरायचं नाहीये गं," मास्तर म्हणाले. आवाज मधेच फाटत होता. "पण मी दमलोय. गिळून गिळून दमलोय. तू गेलीस की मोरीत ओततो. रोज."

"सांगायचं होतंत."

"तू शाबास म्हणायचीस."

ती खाली बसली आणि तिने कोटाचं अस्तर उसवायला घेतलं. चकत्या फरशीवर एकेक पडत होत्या. सगळं काढून झाल्यावर म्हणाली, "उद्या जायचं." संध्याकाळी तिने पेला ठेवला आणि या वेळी ती खाली गेली नाही, पाठ करून खिडकीशी बसून राहिली. मास्तरांनी चार घोट घेतले. पाचवा परत आला.

हॉस्पिटलात मास्तर नुसत्या शर्टात काट्यावर उभे राहिले. सत्तेचाळीस. नर्सने काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. सत्तेचाळीसच. तिच्या तोंडाचा रंग उडाला. "परवा बावन्न होतात! दोन दिवसांत पाच किलो? थांबा, डॉक्टरांना बोलावते. सगळ्या तपासण्या परत..." मास्तरांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती. हे तुमचं तुम्हीच निस्तरा, असा तो चेहरा होता.

"शिसं होतं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"कोटात. पडद्याचं शिसं." ते मोठ्याने सांगावं लागलं, आणि खोलीत बसलेल्या बाकीच्या पेशंटांनीही ऐकलं. "नळी घाला."

नर्स त्यांना वाट्टेल ते बोलली, आणि ते बरोबरच होतं. मग तिने त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी छातीला टेकवायला लावली. नळी नाकातून आत गेली, घशाशी अडली. "गिळा, मास्तर. गिळा." तोंडात लाळेचा थेंब नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. या खेपेला लाथ मारायची नव्हती.

ओठांना पेला लागला. मास्तरणीने पाणी धरलं होतं. त्यांनी डोळे उघडले तर अगदी समोर तिचा गळा. नर्स "गिळा" म्हणाली की मास्तर गिळत, आणि तोंडात काही नसताना तीही गिळत होती. तिचं तिला कळत नव्हतं. ते तिच्या गळ्याकडे बघत राहिले आणि ती गिळेल तेव्हा गिळत राहिले, नळी खाली पोचेपर्यंत.

नर्सने नाकावर चिकटपट्टी लावली. मास्तरांना धाप लागली होती. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो," ती म्हणाली. "फार. चला घरी. रागवायला तरी माणूस समोर हवा."