माहेरच्या नावाचा केसपेपर

डॉक्टर कसे आहेत हे न विचारता, रेकॉर्डरूम कशी आहे यावरून इस्पितळाची पारख करणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो जोगेश्वरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. हे वरचे काका एका इस्पितळात रेकॉर्ड-क्लार्क. कुणाला भेटायला कुठेही गेले, की पेशंटआधी खिडकी गाठायचे, जुना केसपेपर मागायचे आणि घड्याळ बघून त्या इस्पितळाची इयत्ता ठरवायचे. माझ्या वडिलांना ॲडमिट केलं तेव्हा आम्ही रडकुंडीला आलेलो, आणि हे हसत वॉर्डात शिरले. "तीन वर्षांपूर्वीचा पेपर सात मिनिटांत दिला. पाचवी पास! काळजी नको." अंधेरीच्या एका नर्सिंग होममध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा मलाही ओढत नेलं. तिथल्या मुलीला म्हणाले, "गेल्या दिवाळीतला पेशंट दाखव ना." ती म्हणाली, "काका, आम्ही याच महिन्यापासून भरतोय." "म्हणजे बालवाडी," असं म्हणून त्यांनी त्या यंत्राला मायेने थोपटलं. स्वतःच्या इस्पितळाला मात्र ते मॅट्रिक समजत.

एकदा काका कोकणात गावी गेले असताना काकूंना ताप चढला आणि शुद्ध हरपली. आम्हीच त्यांना रिक्षात घालून काकांच्या इस्पितळात नेलं. लग्नाआधी याच इस्पितळात कसल्याशा इंजेक्शनने काकू मरता मरता वाचल्या होत्या, एवढंच मला आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, "जुना पेपर आणा, लवकर." मी खिडकीवर काकूंचं नाव सांगितलं. क्लार्कने गठ्ठ्यामागून गठ्ठा उपसला. पेपर मिळेना. शेवटी डॉक्टरांना थांबता येईना. त्यांनी एक इंजेक्शन दिलं. नेमकं तेच निघालं. संध्याकाळपर्यंत काकू गेल्या.

तार मिळून काका आले. तेराव्यानंतर मला घेऊन रेकॉर्डरूममध्ये गेले आणि दोन मिनिटांत पेपर काढला. माहेरच्या नावाने लावलेला. वर लाल शाईत त्या इंजेक्शनचं नाव.

"काका, मला ठाऊक असतं तर..."

"तुला कसं ठाऊक असणार रे? मी इतकी वर्षं इथे बसलो, मला सुचलं नाही."

पुढे रिटायर होईपर्यंत काका काम संपलं की बायकांचे पेपर घेऊन बसायचे आणि प्रत्येकीच्या पेपरवर माहेरचं नावही लिहायचे. रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार विचारत फिरायचे. लोक हसायचे. आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोने आपलं जुनं नाव सांगितलं आणि जराशी लाजली; कितीतरी वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. काकांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि शाईवर फुंकर घातली.

"आमच्या हिचं मालती होतं," ते हळूच म्हणाले. "लग्नात मी बदललं. इतकं चांगलं नाव, का बदललं कोण जाणे."