पायाळूचा घोटा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काही नाही, आईला त्रास झाला तेवढाच. पण निडीला, माझ्या माहेरी, पायाळू माणसाचा पाय लागला की लचक उतरते असं मानतात. कुणाची कंबर धरली, कुणाचा पाय मुरगळला, की मला बोलावणं यायचं. तो माणूस पालथा पडायचा किंवा पाय पसरून बसायचा. मी उजवा तळवा दुखऱ्या जागेवरून वरून खाली फिरवायचे. तो "बरं वाटलं गो" म्हणत उठायचा. खरंच बरं वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. मला त्यातली गंमत वेगळीच वाटायची. एरवी मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करावा लागे, आणि इथे मोठी माणसं माझ्या पायासाठी ओट्यावर पालथी पडायची.

पुढे मी कबड्डीत गेले. आमच्या भागात मुलगी जरा चपळ निघाली की तिला कबड्डीत घालतात, विचारत वगैरे नाहीत. मी चढाई करायचे. चढाई करणारीचा घोटा हे समोरच्या संघाचं आवडतं खाद्य. कोपऱ्यावरची पोर वाकून टपून बसलेली असते. तिने घोटा धरला आणि आपलं अंग पुढे गेलं, की तो पिरगळतो. त्यामुळे आमच्यात घोटा कधीच मुरगळला नाही अशी मुलगी म्हणजे राखीव बाकावरची मुलगी. उपचार ठरलेले होते. आधी गार पाणी, मग घट्ट पट्टी, मग माझा पाय. आम्हाला शिकवणारे गावातले दादा "लाव गो पाय" म्हणायचे, मी मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या तळवा फिरवायचे आणि मुलगी परत आत. बाकीच्या संघांना आमचा हेवा वाटायचा, कारण त्यांच्याकडे फक्त पट्टी होती.

माझा स्वतःचा घोटा गेला तो पेणला. गणपतीच्या एका कारखान्यामागच्या मैदानावर सामना होता. चढाई करून परतताना मध्यरेषेजवळ दुसरीच्या पावलावर माझा डावा पाय पडला आणि घोटा बाहेरच्या अंगाला दुमडला. आवाज असा झाला की पंचांनीही वळून बघितलं. मला कडेला बसवलं. मुली गोल करून उभ्या राहिल्या आणि दादांकडे बघू लागल्या, कारण आता पाय लावायचा कुणी?

"तुला कोण कशाला पायजे?" दादा म्हणाले. "औषध तुझ्याजवळच हाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग उजवा तळवा डाव्या घोट्यावरून फिरवला, पट्टी आवळली आणि उरलेला सामना खेळले. आम्ही जिंकलो. तो चषक अजून निडीच्या घरी कपाटावर आहे. त्यात हल्ली वहिनी केसांच्या क्लिपा ठेवते. घोटा वांग्यासारखा झाला होता, तरी पुढच्या रविवारी रोह्यालाही खेळले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं, आपलाच पाय आपल्याला लागलाय, आता भीती कसली.

त्यानंतर तोच घोटा किती वेळा मुरगळला ते मी मोजलं नाही. लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावात आले, खेळ सुटला, घोटा तसाच राहिला. जुनी दुखापत म्हटली की लोकांना वाटतं पावसाळ्यात पाय ठणकत असेल आणि बाई अभिमानाने तो चोळत बसत असेल. माझा पाय ठणकत नाही. तो निसटतो. सपाट फरशीवर, डोक्यात दुसरंच काहीतरी असताना, घोटा एकदम कलंडतो आणि मी भिंत शोधते. रोहा स्टेशनचा जिना मी कठड्याच्या बाजूनेच उतरते. उतरणाऱ्यांना घाई असते, ते मागून "चला ना ताई" म्हणतात. म्हणू देत. कंपनीत पॅकिंगला दिवसभर उभं राहायचं असतं, तिथे मी उजव्या पायावर भार टाकून उभी राहते, त्यामुळे आता उजवा गुडघा कुरकुरतो. बांधावरून चालणं सोडलं. लेकीला तान्ही असताना कडेवर घेऊन मी कधी पायरी उतरले नाही. ओट्यापाशी थांबून कुणाला तरी हाक मारायचे. बाळ हातात असताना घोटा निसटेल ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. आळशी म्हणाले असतील, म्हणोत.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी घोटा हातात धरून हलवला आणि सांगितलं की आतला बंध तेव्हाच फाटला होता, तो सैल भरला. तेव्हाच पायाला पुरती विश्रांती दिली असती आणि नंतर व्यायाम केला असता, तर बहुतेक नीट झाला असता. मी घरी आले. ओट्यावर एक बाई थांबली होती, पाय लावून घ्यायला.

माझी लेक चढाई करते. माझ्यापेक्षा चांगली करते, हे मी तिला कधी सांगत नाही, डोक्यात हवा जाईल. ती बारावीत होती आणि जिल्ह्याच्या संघाची निवड पेणला रविवारी होणार होती. तिला खेळ शिकवणाऱ्या सरांनी तिचं नाव जवळपास धरलंच होतं. शुक्रवारी सरावात तिचा डावा घोटा मुरगळला. दोन मैत्रिणींनी तिला रिक्षातून घरी आणलं. मी शिफ्ट संपवून आले तेव्हा ती पलंगावर होती, पाय उशीवर, आणि घोटा असा की त्याचा आकार कुठून सुरू होतो ते कळत नव्हतं.

त्याच संध्याकाळी रोह्यात डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत होतं. काही आठवडे खेळ नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर लेकीने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "डॉक्टर काय, कुणालाही असंच सांगतात. तुझी आई पायाळू ना? पाय लावायला सांग आणि रविवारी ये."

"लाव की गो," सासूबाई म्हणाल्या. "परक्यांना लावतेस, पोटच्या पोरीला लावताना काय झालं?"

"आई, लाव ना," लेक म्हणाली. "मला जायचंय."

मला राग आला. सरांचा, सासूबाईंचा, पोरीचाही. त्याहून मला भीती वाटली. चाळिशीत ही पोर जिन्याच्या कठड्याला धरून उतरतेय आणि मागून कुणीतरी "चला ना ताई" म्हणतंय, असं मला लख्ख दिसलं. नाही म्हटलं असतं तर काही उपयोग नव्हता. डॉक्टरांचं कुणी ऐकलं नव्हतं, माझं कोण ऐकणार? सासूबाईंनी माझ्या नकळत दुसरा कुणी पायाळू शोधून आणला असता. रोह्यात ते काही अवघड नाही.

मी पाय धुतले. स्टूल ओढून बसले आणि तिच्या घोट्यावरून उजवा तळवा फिरवला, इतका हलका की लागलाही नसेल. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "झालं. आता अमावास्येपर्यंत हिने मैदानात पाऊल टाकायचं नाय. टाकलं तर गुण जातो, आणि लचक दुप्पट होऊन परत येते."

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती.

"असं कधी ऐकलं नाय," सासूबाई म्हणाल्या.

"पायाळू कोण हाय, आई? तुम्ही की मी?"

 सासूबाईंना आणखी काही विचारायचं होतं, पण पायाळू माणसाशी याबाबतीत वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला तो त्यांनीच घेतला. "नाय जमणार," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पाय लागलाय तिला. अमावास्येपर्यंत नाय." सरांनी बहुतेक डॉक्टरांच्या सल्ल्यासारखंच हेही उडवून लावायचा प्रयत्न केला असावा, कारण सासूबाई म्हणाल्या, "उद्या काय झालं तर तुमी येनार काय?" आणि फोन ठेवला. तिचे खेळायचे बूट त्यांनी उचलून आपल्या खोलीत नेले. डॉक्टरांच्या सल्ल्याला इतकी मदत माझ्या घरात कधी मिळाली नव्हती.

लेक माझ्याकडे बघत होती. लहानपणापासून तिने ओट्यावर बसून मला लोकांना पाय लावताना बघितलंय. अमावास्येची अट तिने एकदाही ऐकली नव्हती.

"तू हे आत्ता बनवलंस," सासूबाई आत गेल्यावर ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

रविवारी पेणला निवड झाली. तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. लेक दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि रडत होती. मला फार वाईट वाटलं. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. भाजी वाढ. लाइट गेली. एवढंच.

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी तिला व्यायाम दिले. एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. ती मोरीपाशी दात घासताना करायची. एका सकाळी ती तशी उभी असताना मीही शेजारी उभी राहिले. साडी जरा वर खोचली, उजवा पाय उचलला आणि डोळे मिटले. डावा घोटा लगेच थरथरायला लागला आणि मी तिच्या अंगावर कलंडले. तिने मला धरलं. ब्रश तोंडातच होता.

"एवढा हलतो तुझा पाय?" तिने तोंड धुऊन विचारलं.

"तेवढाच हलतो."

"कधीपासून?"

"तुझ्या वयाची होते तेव्हापासून."

ती खाली माझ्या घोट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत कर. मी धरते."

आता ती खेळते. सराव करते, पडते, गुडघे फोडून घेते. पुढच्या निवडीला जाईल. मी रोज सकाळी भिंत धरून एका पायावर उभी राहते. फार सुधारणा नाही.

मागच्या महिन्यात संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होते. तिच्या संघातली एक मुलगी लंगडत आली, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. चारच दिवसांनी त्यांचा सामना होता. "काकी हायेत का? पाय लावून घ्यायचाय," ती म्हणाली. मी हात धुवायला उठले. बाहेर लेकीने तिला ओट्यावर बसवलं, पायाखाली उशी दिली, फ्रीजमधून बर्फ आणला.

"आई लावील पाय," लेक तिला सांगत होती. "पण एकदा लागला की अमावास्येपर्यंत मैदानात उतरायचं नाय. नायतर गुण जातो."

"एवढंच ना?" ती मुलगी खूश झाली. "अमावास्या परवाच हाय."

 मी दारात हात पुसत थांबले. लेक उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली आणि बोट ठेवून तारखा बघू लागली. मग तिने पान उलटलं.

"ही नाय धरायची," ती म्हणाली. "पुढची."