काचवाल्याच्या घरची गळकी टाकी

माझे सासरे काचवाले. म्हणजे काचा विकणारे नव्हेत, बसवणारे. खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, शाळेच्या जिन्यातलं ते उंच तावदान, सगळं त्यांच्या हातचं. "मी बसवलेल्या खिडकीतून आजवर थेंब आत आलेला नाही," हे वाक्य मी लग्न ठरलं तेव्हा चहाच्याही आधी ऐकलं होतं. त्यानंतर किती वेळा, ते विचारू नका. पण खोटं नव्हतं, म्हणून ऐकून घ्यायचे.

पुढे हात थरथरायला लागले आणि काम सुटलं. त्यांच्या हातचं शेवटचं काम म्हणजे आमच्या बैठकीतली माशांची टाकी. तिच्यात एक लठ्ठ केशरी मासा आहे. त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण खाणं टाकलं तरी तो आपल्या सवडीनंच वर येतो.

एका सकाळी केर काढताना माझा पाय ओला झाला. टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं, खालचं कपाट फुगलं होतं. साहेबांची रवानगी बादलीत झाली. नवरा हळूच म्हणाला, "नवीच आणू. बाबांना सांगू नकोस, उगाच हात घालतील." एवढ्याशा घरात म्हणे सांगू नकोस! बाबा मागेच उभे होते.

"काचवाल्याच्या घरात विकतची टाकी?" एवढंच बोलले आणि त्यांनी हत्यारांची पेटी काढली.

टाकी रिकामी करून त्यांनी बाहेरून कोपरा पुसला, कोरडा केला, कोपर पोटाशी घट्ट धरून सिलिकॉनची पट्टी ओढली. पुरतं वाळू दिलं. मग पाणी भरलं. आधी काहीच झालं नाही. मग त्या पट्टीखाली बारीकसा फुगा आला, ती सुटली आणि पाणी पुन्हा कपाटावर. नवऱ्यानं तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं बघितलं की मिटलंच.

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. "आणा नवी," म्हणाले. जेवायला बसले ते घास चिवडत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडे साहेब बादलीत एका कुशीवर कलायला लागले, इकडे बाबा. मला राग आला, चांगलाच आला. मी पेटी ओढून त्यांच्यासमोर आदळली.

"हातांना कशाला दोष देता? पट्टी सरळ बसली होती, मी बघितलीय. ती सुटली का, ते आधी बघा ना! दुसऱ्याच्या घरचं काम असतं तर असं टाकून आला असतात?"

सासऱ्यांशी असं बोलतात का? नाही. पण मी बोलले.

ते उठले. टाकीत डोकं घालून बराच वेळ कोपरा न्याहाळला. मग आतून हसू ऐकू आलं.

"अगं, जन्मभर पाऊस बाहेर होता, म्हणून मी बाहेरून बुजवत आलो. इथं पाणी आत आहे! ते माझी पट्टी ढकलून देणार नाही तर काय करणार? आतून लावली की तेच पाणी तिला दाबून धरेल." आणि वर, "ही चूक फक्त खिडकीवालाच करू शकतो हं." घ्या! चुकीचाही रुबाब.

जुनं सिलिकॉन आधी सगळं काढायचं, कारण त्यावर नवं धरत नाही. ते मी ब्लेडनं खरवडलं. स्पिरिटनं काच पुसली. मग बाबांनी सिलिकॉन भरलेली गन माझ्या हातात दिली.

"मी? अहो, मला साधं कुंकवाचं बोट सरळ ओढता येत नाही!"

"तू ओढ. मागून मी बोट फिरवतो. हात थांबवू नकोस, थांबलीस की गाठ होते."

मी गन दाबत गेले आणि माझ्यामागून त्यांचं ओलं बोट कोपऱ्यातून फिरत आलं. ते बोट थरथरलं नाही. अगदी नाकासमोर होतं माझ्या, खोटं कशाला सांगू? माझेच डोळे भरून आले, आणि "पुढे बघ," म्हणून ओरडाही खाल्ला.

ओल्या सिलिकॉनचा आंबूस वास पार जाईपर्यंत त्यांनी कुणाला टाकीत थेंब ओतू दिला नाही. मग पाणी भरलं. नवऱ्यानं खालून तळहात फिरवून बघितला. कोरडा. पुन्हा फिरवला. कोरडाच. "बाबा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. साहेब आत गेले, रुसले, आणि सवडीनं जेवले.

परवा वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. "काका, आमची खिडकी गळतेय. तुमच्या माहितीतला कुणी आहे का?"

नवरा फोनमध्ये नंबर शोधायला लागला.

"आहे ना," बाबा म्हणाले. "पण दोघं येतात."

"दोघं कोण?"

"मी आणि माझी सून. गन तिच्या हातात असते."

मी आत भांडी घासत होते. अभिमानानं अशी फुलले म्हणून सांगू! ओले हात तसेच घेऊन बाहेर आले आणि तिला विचारलं, "कधी येऊ आम्ही?"