हळद माझ्या आईनंच लावली

दुष्काळ सरून वर्षभर झालं असेल... मानवतजवळच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात एक जर्मन नर्सबाई राहायला आली. नाव हेल्गा. गावानं तिची दोन दिवसांत हेल्गाबाई करून टाकली.

तिला आमच्या प्रत्येक गोष्टीचं नवल. कुणी रस्त्यात ‘जेवलीस का?’ विचारलं की बिचारी ‘नाही’ म्हणून खरंच जेवायला जायची... आणि लोकही वाढायचे, कारण आता विचारलंय म्हटल्यावर करतात काय! निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे तिला माझ्या आईनं शिकवलं.

आणि सारखं ‘का?’ नवऱ्याचं नाव का घ्यायचं नाही? तिन्हीसांजेला का झाडायचं नाही? आमच्याकडं उत्तर एकच... ‘तसंच असतंय बाई.’

आईचं आणि तिचं चांगलंच जमलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. शेत आईनंच कसलं, मला आईनंच वाढवलं, माझं लग्नही तिनंच ठरवलं. गंगाखेडचं स्थळ. पोरगा साखर कारखान्यात कामाला.

तर माझ्या हळदीचा दिवस. मी पाटावर, भोवती बायकांचा गलका, समोर गंगाखेडहून उष्टी हळद घेऊन आलेल्या होणाऱ्या सासूबाई. सगळा कारभार माझ्या थोरल्या आत्याच्या हातात. आणि जिनं सगळं जमवलं ती माझी आई कुठं? स्वयंपाकघरात. दाराआड. विधवेनं हळदीला पुढं यायचं नाही ना!

सवाशिणी एकेक करून हळद लावत होत्या. आत्यानं मोठ्या कौतुकानं हेल्गाबाईला पुढं केलं. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळाला कुंकू... हे कुंकू गावातल्या बायकांनीच लावलेलं, कारण घरी आलेल्या बाईला तसंच पाठवायचं नाही ही आमची रीत. तिनं अगदी मन लावून माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. मग इकडंतिकडं बघितलं आणि तिचं नेहमीचं सुरू झालं. ‘आई का लावत नाही?’

आत्या म्हणाली, ‘तिचा मालक वारलाय बाई. तिनं लावायचं नसतंय.’

हेल्गाबाईनं आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. घाबरलीच ती. म्हणाली, ‘माझा नवरा पण वारला. मग मी आता काय केलं?’

आत्याच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? ‘अगं, पण फोटोला तर हार न्हाई की!’

खरंच होतं ते. तिच्या खोलीत एका हसऱ्या माणसाचा फोटो होता, सगळ्या गावानं पाहिलेला. त्याला ना हार, ना खाली उदबत्ती. म्हणजे माणूस जिवंत, तिकडं परदेशात नोकरीला, असं आम्ही ठरवून मोकळे! येणाऱ्याजाणाऱ्याच्या सात पिढ्या उकरून काढणारं आमचं गाव... पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आत्यानं लगेच सावरून घेतलं. ‘जाऊ द्या, तिला काय ठावं. त्यांच्यात चालतंय.’

माझं डोकंच फिरलं. नवरी मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं म्हणे... मी घातली नाही.

म्हटलं, ‘त्यांच्यात चालतंय तर आमच्यात का न्हाई? हळद तर माझ्याच गालाला लागलीय. मला काय झालं का? रोज भाजीत हळद माझी मायच घालती, ती खाताना कुणाला अपशकुन आठवत न्हाई! तिनं लावल्याबिगर मी पाटावरून उठणार न्हाई.’

‘अगं, लोक बघायलेत,’ आत्या दातओठ खात म्हणाली. ‘लग्न मोडंल. उद्या पोराला काही झालं तर?’

‘मोडू द्या.’

सासूबाईंनी तोंड फिरवलं. खोटं कशाला सांगू? मुलगा मला आवडला होता हो... पण उठले नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो आईचा. ती दारातूनच म्हणत होती, ‘नको गं माय, माझ्या हातानं तुझं वाटोळं नको.’ मी ओरडलेच, ‘ह्याच हातांनी वाढवलंस ना मला? तवा झालं का वाटोळं?’

आणि मग आई आली. पदर खोचून, सगळ्यांच्या मधून, कुणाकडं न बघता. हळद लावायचं आंब्याचं पान बाजूला सारलं आणि वाटीत हातच घातला. नुसती बोटं टेकवली नाहीत तिनं... मान, कानामागं, कोपरं, घोटे, लहानपणी न्हाऊ घालायची तशी खसाखसा चोळली. आम्ही दोघी ढसाढसा रडत होतो.

हात भरलेलेच होते. वळून तिनं ते हेल्गाबाईच्या गालांना पुसले. हेल्गाबाईनं आईच्या. भर मांडवात, सासूबाईंच्या देखत. मला त्या दिवशी माझ्या लग्नाचा जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा हे बघून झाला.

लग्न मोडलं नाही. सासूबाईंनी मात्र हे मला पुढं कित्येक वर्षं ऐकवलं आणि मीही एकदासुद्धा मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. हेल्गाबाई पुढं आपल्या देशी गेली. तिचे उपकार मानते मी. तिनं आम्हाला शहाणपण शिकवलं नाही, फक्त विचारलं.

ज्याला काहीतरी होणार होतं तो माझा नवरा आत्ता समोर पेपर वाचत बसलाय, चांगला ठणठणीत... चहा कधी मिळणार विचारतोय.

माझ्या लेकीच्या लग्नात पहिली हळद तिच्या आजीनं, माझ्या आईनं लावली. कुजबूज तेव्हाही झालीच. मी मांडवात उभं राहून सांगितलं, ‘ज्यांना पटत नाही त्यांनी पोटभर जेवून जा... पण गप जेवा.’