दिव्याची चाळ हिरवी झाली त्याची गोष्ट

ठाण्याच्या बाळकुमचा गोपीनाथदादा सव्वीस वर्षं लोकांच्या पिंपात टॉर्च मारत फिरला. तीच त्याची महापालिकेतली नोकरी. डासाच्या अळ्या दिसल्या की पिंप उपडं करायचं, नाही करू दिलं तर औषध टाकायचं, दाराच्या बाजूला भिंतीवर खडूने तारीख लिहायची आणि पुढच्या घरी. भाऊबंद जमिनी विकून मोठ्या गाड्या फिरवायला लागलेले, त्यांना लाज वाटायची. हळदीला सगळ्यांसमोर म्हणायचे, "गोप्या, दुसऱ्याची पिंपं काय हुंगत फिरतोस रे?" दादा शांतपणे म्हणायचा, "तुझं पण बघितलंय. तुझ्यात जास्त आहेत."

शेवटची नऊ वर्षं त्याच्याकडे ठाण्यापलीकडचं दिवा गाव होतं. तिथे चाळीला चाळ चिकटलेली, पाण्याचा भरवसा नाही, म्हणून लोक मिळेल त्यात भरून ठेवतात. पिंपात, बादलीत, पोटमाळ्यावरच्या टाकीत. एका म्हातारीने तर बंद पडलेल्या फ्रीजमध्ये भरलेलं. अशा ठिकाणी डेंग्यू सुटला की आवरत नाही. दादा आणि अजून पाच जण, असे सहा मिळून पावसाळाभर दर आठवड्याला एकूण एक पिंप बघायचे. कुठल्या घरात कुठे वाकायचं ते दादा सांगायचा. सहा होते म्हणून होत होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात साहेबलोकांचं ट्रेनिंग निघालं. डेंग्यू-मलेरियाचा बंदोबस्त कसा आखायचा, माणसं कुठे किती लावायची, हे बावीस डॉक्टरांना शिकवायचं. तीन दिवस, एसी हॉल, जेवणात पनीर. हॉल बाळकुमलाच, दादाच्या बापाचं भाताचं शेत होतं त्या जागेवरच्या कॉम्प्लेक्समध्ये. शिकवायला हेझल मॅडम, बोलायला एकदम गोड. आणि सगळ्याच्या वर सर्वेश साहेब, वय बत्तीस, जन्मात घरची बादली उचलली नसेल.

तिसऱ्या दिवशी दिव्यातली खरी घरं बघायची, त्यावरून प्लॅन करायचा आणि तोच प्लॅन पावसाळ्यात चालवायचा, असं ठरलेलं. म्हणजे ती पाच माणसं दिव्यात राहणार की जाणार, ते त्या एका दिवसावर होतं.

आदल्या दिवशी सकाळी सर्वेश साहेबांचा फोन. "गोपीनाथ, उद्या पाहुणे आहेत. चाळ स्वच्छ दिसली पाहिजे."

"साहेब, ते अळ्या बघायलाच येतायत ना?"

"सांगितलं तेवढं करा."

इथेच दादा चुकला. साहेब बोलला की हो, ही सव्वीस वर्षांची सवय. सहाही जण दिवसभर राबले. पिंपं घासली, टाक्या उपसल्या, बायकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हातारीचा फ्रीज पण पुसून काढला.

तिसऱ्या दिवशी बावीस डॉक्टर टोप्या आणि हातमोजे घालून उतरले, जसं काय कुणाचं पोट फाडायचंय. एकाला पिंपात वाकायचा कंटाळा, तो वरूनच मोबाईलने फोटो काढायचा आणि मग फोटोत अळ्या शोधायचा. चाळीस घरं झाली. अळी एक पण नाही.

हॉलवर येऊन नकाशा लावला. जिथे धोका तिथे लाल कागद, नाही तिथे हिरवा. दिव्याच्या चाळीवर हिरवा चिकटवला. पाच माणसं तिथून काढून टॉवरवाल्यांकडे द्यायची, कारण टॉवरवाले मोबाईलवर तक्रारी करतात. चाळवाला तक्रार करत नाही, तापतो नुसता.

दादा मागे भिंतीला उभा होता. त्याला खुर्ची ठेवली नव्हती. तिथूनच बोलला, "साहेब, ती चाळ आम्ही काल धुतलीय. तुम्ही येणार म्हणून. आठ दिवसांत परत तसंच होणार."

सर्वेश साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले. एक डॉक्टर म्हणाला, "म्हणजे काका, एका दिवसात होतं तर. मग पाच माणसं कशाला लागतात तुम्हाला?" सगळे हसले.

"सहा जणांनी केलं ते," दादा म्हणाला.

हेझल मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काका, आपण वाटतं त्यावर नाही चालत. डेटावर चालतो."

"डेटाच धुतलाय मॅडम. मीच धुतला."

कुणी लक्ष देईना. मग दादा सरळ पुढे गेला आणि मॅडमच्या टेबलावरच्या मनीप्लांटच्या बाटलीवर टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या. बावीस डॉक्टर तीन दिवस त्या बाटलीकडे तोंड करून डास शिकत होते. मॅडमनी ती शिपायाला दिली, म्हणाल्या बेसिनमध्ये ओत. बाळकुमवर लाल कागद काही लागला नाही. हॉल सर्व्हेत नव्हता ना. मग सगळ्यांचा फोटो झाला. त्यात दादा नाही.

जूनमध्ये पाच जण टॉवरला गेले. त्यातला शिवराम फोन करायचा, "दादा, इथे वॉचमन वर सोडत नाही. खाली कुंड्या बघतो आणि बसतो."

दादा एकटाच चाळीत. रविवारी पण जायचा. त्याची बायको जयावहिनी वैतागली. "साहेबाला नाही पडलेली तर तुला कशाला रे?"

"मीच धुवून दिलं ना त्यांना," तो म्हणाला. "नसतं धुतलं तर लाल लागला असता."

तेच त्याला खात होतं. सहा जणांचं काम एकटा ओढायचा, डबा न उघडता घरी आणायचा. तरी निम्मी घरं राहायचीच. ऑगस्टमध्ये एका ओळीत अकरा घरांत ताप निघाला. बारावा ताप दादाला आला. डेंग्यू त्याला आधी एकदा झालेला. दुसऱ्यांदा झाला तर वाईट असतो, हे तोच चाळीत सगळ्यांना सांगत फिरायचा. पाचव्या दिवशी गेला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सर्वेश साहेब घरी आले. फुलं आणलेली. म्हणाले, चाळ आता लाल केलीय, पाचही माणसं परत लावलीत. मग जरा घुटमळले.

"त्यांची काही वही होती का? कुणाची टाकी कुठे, कोण दार उघडत नाही, असं काही लिहिलेलं? माणसांना टाक्या सापडत नाहीयेत. पुढच्या बॅचला शिकवायला पण कामाला येईल."

जयावहिनीने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"वही नव्हती. डोक्यात होतं सगळं," ती म्हणाली. "डोकं जाळलं आम्ही बाळकुमच्या स्मशानात. तुम्ही नव्हता आलात."

साहेबांनी अर्धा चहा ठेवला आणि उठले. शिवराम आणि बाकीचे चौघे आता चाळीत पहिल्या घरापासून सुरू करतायत. दार वाजवतात आणि विचारतात, ताई, तुमचं पाणी कुठे कुठे भरलेलं असतं.