मेहुण्याची चाल

आळीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि ते काही उगाच नाही. बायकोनं चहात साखर जरा जास्त घातली तरी हा कप खाली ठेवून विचारणार, "आज काय विशेष?" दुकानात कुणी किल्लीची नक्कल करायला आलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघणार, मग किल्लीकडे. जन्मभर कुलपं दुरुस्त केली की माणसाचं असं होतं म्हणे. मला विचाराल तर हा जन्मतःच तसा होता.

असा माणूस खेळायला बसला तर कसला खेळ खेळेल? मुलीनं दिलेल्या टॅबवर त्याला एक लढाईचा गेम सापडला आणि तो त्याला चिकटलाच. पाच शिपाई, पडक्या इमारती, कुठंतरी दडलेला शत्रू. एक डाव आपला, एक त्याचा, आणि आपल्या डावात हवा तेवढा विचार करायची मुभा. शंकासुराचे नियम पक्के होते. न पाहिलेल्या जागी एकदम शिरायचं नाही. उंच जागा आधी धरायची. एकाची बंदूक दारावर रोखून ठेवायची. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे एकाला उघड्यावर पुढं पाठवायचं. शत्रू त्याच्यावर गोळी झाडतो, कुठं लपलाय ते कळतं, मग बाकीचे चौघं त्याचा समाचार घेतात. हरायचा प्रश्नच नाही!

शिपायांना त्यानं घरच्यांचीच नावं दिली होती. गच्चीवर तो स्वतः. भिंतीआड बायको आणि दोन मुली. आणि उघड्यावर? मेहुणा. दुसरं कोण असणार!

खरा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बारा वर्षं त्याच दुकानात शेजारच्या बाकावर कानस चालवत होता. बाहेरची कामंही त्याचीच. कुणाचं दार आतून अडकलं, कुणाच्या घरात कुत्रा मोकळा आहे, की पिशवी उचलून हा निघाला. दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे.

एक दिवस शंकासुर टॅब दुकानातच ठेवून घरी जेवून आला, उघडतो तर काय, खेळातल्या पडक्या गिरणीच्या दारात उभा केलेला मेहुणा दोन चौकटी मागं, भिंतीआड! आधी त्याला वाटलं, आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हातची लढाई गेली.

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो पुटपुटला. टॅबला आकड्यांचं कुलूप होतं, आणि कुलूपवाल्याचं कुलूप उघडणारा साधासुधा माणूस नव्हे. आज टॅब उघडला, उद्या दुकान गिळेल! मेहुणाच असला तर त्याच्याकडची किल्ली काढून घ्यायची आणि त्याला वाटेला लावायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. बायको काय म्हणेल, हा प्रश्न होताच, पण ठरलं ते ठरलं.

मग सापळा. कुलपात घालतात ती काळी भुकटी त्यानं टॅबच्या कडेला चोळली आणि जेवायला गेला. चोराचे हात काळे होणारच! परत येऊन बघतो तर मेहुण्याचे हात काळे. पण ते बारा वर्षं रोजच काळे होते, हे या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. वर संध्याकाळी बायकोनं त्याचाच सदरा नाचवला, "हे काळे पंजे कुणाचे हो?"

दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेलाच नाही. समोरच्या शिंप्याच्या दुकानात टांगलेल्या कोटांमागं उभा राहिला. मेहुण्यानं हात पुसले, शेजारी बसून पाठ झालेले आकडे दाबून टॅब उघडला, एका बोटानं एकच शिपाई हलवला, टॅब मिटला आणि पुन्हा कानस घेतली. बस्स, एवढंच.

शंकासुर तरातरा रस्ता ओलांडून आत आला. "किती दिवस चाललंय हे?"

मेहुण्यानं मान वर केली नाही. "आठवडा झाला, दाजी."

"माझा खेळ मोडायला?"

"नाही हो. फक्त माझा शिपाई मागं घेतो. बाकीच्यांना हात लावत नाही." कानस थांबली. "सोळा लढाया झाल्या. प्रत्येक वेळी पहिली गोळी मलाच. म्हटलं, निदान तुम्ही जेवून येईपर्यंत तरी भिंतीआड बसावं."

"अरे, खेळ आहे तो! कुणीतरी पुढं जायलाच हवं ना?"

"हो ना," मेहुणा म्हणाला. त्याच्या पोटरीवर गेल्या आठवड्यातली पट्टी होती. कुत्रा चावला होता. शंकासुरानं तेव्हा एवढंच विचारलं होतं, दार उघडलंस ना?

तेवढ्यात फोन वाजला. चौथा मजला, दार अडकलंय, आत कुत्रा. शंकासुरानं ऐकता ऐकता सवयीनं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा पिशवी उचलून उभासुद्धा राहिला होता. शंकासुराला लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यानं हात पुढं केला.

मेहुण्यानं कमरेची किल्ली सोडली आणि निमूटपणे त्याच्या तळहातावर ठेवली.

"किल्ली नको रे! ती ठेव तुझ्याकडे. पिशवी दे. मी जातो."

मेहुण्यानं पिशवी छातीशी धरली आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"का, दाजी?" त्यानं विचारलं. "आज काय विशेष?"